मुठीपासून चिमटीपर्यंत

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती जाड खडू दिला की ते तो अख्ख्या मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात फिरवतं. रेघ कागदाबाहेर जाते, फरशीवर जाते, शेजारच्याच्या कागदावरही जाते. वर्ष-दीड वर्षानं तोच खडू अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत आलेला असतो. हालचाल खांद्यावरून कोपरात, कोपरातून मनगटात आणि मनगटातून बोटांत उतरलेली असते. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडतं आणि ते बघणं हेच माझं काम आहे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

सांगलीतल्या एका मराठी शाळेच्या बालवाडीत मी छोट्या गटाची बाई आहे. लग्नकार्यात कोणी भेटलं की म्हणतं, ‘लहान मुलांत दिवस किती छान जात असेल ना!’ जातो छानच. मुलं हसवतात, गळ्यात पडतात, डब्यातला अर्धा लाडू आणून हातावर ठेवतात. पण इतकी वर्षं मला इथे धरून ठेवलंय ते दुसऱ्याच गोष्टीनं. वरच्या वर्गात मूल शिकलं का, हे वह्या तपासल्यावर कळतं. आमच्याकडे शिकणं नुसत्या डोळ्यांना दिसतं. बोटांत दिसतं, जिभेवर दिसतं, दुसऱ्या मुलाला ढकलता ढकलता थांबलेल्या हातात दिसतं. मागच्या वर्षीच्या गटाचं जून ते एप्रिल सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा पाऊस, ओल्या छत्र्या आणि रडारड असं सगळं एकदमच येतं. आम्ही पहिले काही दिवस शाळा फक्त दीड तास ठेवतो आणि मुलांना एकदम न बोलावता थोडी थोडी करून बोलावतो. आया व्हरांड्यातल्या बाकावर बसतात. वर्गात एका कोपऱ्यात पाण्याची घमेली, पेले, गाळणी, नरसाळी असतात. दुसऱ्या कोपऱ्यात मातीचे गोळे. पाण्याजवळ गेलेलं मूल सहसा रडत नाही, हा अनुभव कोणत्याही बालवाडीच्या बाईंना विचारा. हात पाण्यात गेले की डोळ्यांतलं पाणी थांबतं.

आयांना मी एकच गोष्ट आग्रहानं सांगते. चोरून निघून जाऊ नका. ‘मी जाते, गोष्ट झाली की येते’ असं तोंडावर सांगा, मग रडलं तरी चालेल. मूल रडतं तेव्हा त्याला आई गेलीय हे माहीत असतं. आई नाहीशी झाली तर ते पुढचे कितीतरी दिवस दाराकडे बघत राहतं आणि त्याला खेळायला मनच उरत नाही. शिवाय ‘अकरा वाजता येते’ हे त्याच्या काही कामाचं नाही. घड्याळ त्याला कळत नाही, क्रम कळतो. म्हणून आमच्या दिवसाचा क्रम कधी बदलत नाही: आधी मोकळा खेळ, मग गाणी, मग डबा, मग अंगण, मग गोष्ट, मग घर. हा क्रम अंगात मुरला की मुलाला वेळ वाचता येऊ लागते.

मागच्या वर्षी एक मुलगी आईची ओढणी घेऊनच यायची. ओढणीचं टोक मुठीत, दुसरं टोक जमिनीवर लोळत. ती मी तिच्याकडून कधी काढून घेतली नाही. डब्याच्या वेळी ओढणी मांडीवर, अंगणात ओढणी गळ्यात. आमच्या मावशींनी ती दोनदा झोपाळ्याच्या कडीतून सोडवून दिली आणि मग झोपाळ्याजवळ खास एक खुंटी ठोकून घेतली, झोका घेताना ओढणी टांगायला. मावशी नसत्या तर माझी बालवाडी चालली नसती, हे इथेच लिहून ठेवते. कोणाला शू लागलीय हे त्यांना चालीवरून कळतं, कोणाला ताप चढतोय हे डोळ्यांवरून.

जुलैत, आषाढीच्या दिंडीच्या तयारीत, एक उशिरा प्रवेश घेतलेला मुलगा दाराशी हंबरडा फोडत होता. मी टाळ वाटत होते. ओढणीवाली उठली, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘रडू नको. आता गाणी. मग डबा. मग खेळ. मग गोष्ट. मग आई.’ एकेका शब्दाला एकेक बोट. पाच बोटं संपली तेव्हा तो तिच्या हाताकडे बघत होता आणि रडायचा थांबला होता. ती ओढणी त्या वेळी खुंटीवर होती. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी कोणाशी फारसं बोलले नाही. मन इतकं भरलं होतं. दिवसाचा क्रम, आधी आणि नंतर, दुसऱ्याचं दुःख ओळखणं, बोटांवर मोजणं, एवढं सगळं त्या चार-पाच वाक्यांत एकत्र आलं होतं. आणि त्यातलं काहीही मी तिला शिकवायला म्हणून बसले नव्हते.

ऑगस्टमधल्या पालकसभेत दरवर्षी येणारा प्रश्न आला. ‘लिहायला कधी घेणार? शेजारची मुलगी एबीसीडी पूर्ण लिहिते.’ या प्रश्नाचा मला राग येत नाही. आपलं मूल मागे पडू नये असं कोणाला वाटत नाही? मी पालकांना त्यांचाच हात पुढे करायला सांगते आणि मनगट चाचपायला लावते. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळात ती सगळी कूर्चेची, मऊ असतात आणि एकेक करून वर्षानुवर्षं हाडाची होत जातात. शेवटचं घट्ट व्हायला मूल तिसरी-चौथीच्या पुढे गेलेलं असतं. साडेतीन वर्षांच्या हाताला चार ओळीत ‘अ’ बसवायला लावणं म्हणजे ओल्या भिंतीवर माडी चढवणं. हात दुखतो, मूल पेन्सिल दाबून धरायला शिकतं, आणि ती चुकीची पकड पुढे मोडता मोडत नाही.

‘मग वर्षभर करणार काय?’ असं एका वडिलांनी विचारलं. त्यांना वर्गात आणून मी टेबल दाखवलं. एका ताटात चिंचोके आणि राजमा मिसळलेले, ते निवडून दोन वाट्यांत घालायचे. कापसाचे गोळे चिमट्यानं उचलून खाचांत ठेवायचे. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे. जुनी मासिकं फाडायची, नुसती फाडायची, आधी हवी तशी आणि मग आखलेल्या रेघेवरून. भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे. शाडूच्या मातीचे साप, मग सापाची वेटोळी, मग वेटोळ्याचा गणपती. मोठे मणी जाड दोरीत, मग लहान मणी बारीक दोरीत. हे सगळं लिहिणंच आहे. अक्षर त्याच्या शेवटी येतं. घरी काय करू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, हिवाळ्यात मटार सोलायला द्या, शेंगा फोडायला द्या आणि शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या, उशीर झाला तरी.

हे ज्ञान माझं नाही. प्रशिक्षण घेत होते तेव्हा आम्हाला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं होतं. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडकांनी गुजरातेतले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि मग १९४५ मध्ये बोर्डीला, गावातल्या आणि पाड्यावरच्या मुलांसाठी, त्यांनी काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा या दोघी शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. आज अंगणवाडी हा शब्द आपण सहज वापरतो, त्यामागे हे चालणं आहे. परदेशी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांची साधनं झाली. माझ्या टेबलावरचे चिंचोके तिथून आलेत. ते वाटीत ओतताना मला दरवेळी त्या दोघींची आठवण होते आणि आपण एकट्या नाही असं वाटतं.

मणी ओवण्याचं एक सांगते. एक मुलगा होता, सतत गाड्या. हातात काहीही द्या, त्याची गाडी व्हायची. मण्यांकडे त्यानं दिवाळीपर्यंत ढुंकून पाहिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी तो आपणहून मण्यांच्या टोपलीशी बसला. दोरीचं टोक मण्याच्या भोकाशी नेई, टोक वाकडं होई, मणी घरंगळे. तो उठून मणी शोधून आणी. मी पाठमोरी बसून कान तिकडे लावले होते. जवळ गेले असते तर त्यानं मणी माझ्या हातात दिला असता. बऱ्याच वेळानं टोक पलीकडून बाहेर आलं. आता मजा अशी की टोक दिसलं तरी ते ओढायला दुसऱ्या हातानं दोरी सोडावी लागते आणि पहिल्या हातात मणी धरून ठेवावा लागतो. दोन हातांनी दोन वेगळी कामं. ते त्याच्या लक्षात आलं, तो क्षण मी पाहिला. भुवया वर गेल्या, जीभ बाहेर आली, हात बदलले आणि मणी सर्रकन दोरीवर उतरला.

तो ओरडला नाही, ‘बाई बघ’ही म्हणाला नाही. दुसरा घेतला. दोरी भरली तेव्हा सगळे मणी काढून टाकले आणि पहिल्यापासून सुरू केलं. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा काढली. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत दट्टे बसवत राहिलेल्या एका चिमुरडीबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय. भोवती इतर मुलांनी गाणी म्हटली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम थांबलं नाही. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला ते अतिशयोक्त वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. डब्याची घंटा झाली, बाकीचे हात धुवायला गेले, आणि हा तिथेच. मी मावशींना खूण केली. त्याचा डबा झाकून ठेवला आणि आम्ही त्याला उठवलं नाही. तीन वर्षांच्या मुलाचं लक्ष टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्याला त्याच्या निवडीचं काम देऊन लांब बसून बघावं.

जिभेचंही असंच. ‘बाई, मी चित्र करलं’, ‘बाबा कामाला जाला’ असं मुलं म्हणतात. घरात कोणी मोठं माणूस ‘करलं’ म्हणत नाही, म्हणजे हे ऐकून पाठ केलेलं नाही. ‘बसलं’, ‘उठलं’, ‘धरलं’ ऐकून त्यानं स्वतः नियम काढला आणि ‘कर’ला लावला. मी दुरुस्त करत नाही. ‘अरे वा, तू केलंस?’ एवढंच म्हणते. काही आठवड्यांत, काही महिन्यांत ‘केलं’ येतं. आणि ‘करलं’ गेलं की मला थोडं चुकल्यासारखंही होतं. मुलं मला ‘बाई, तू खाली बस ना’ म्हणतात, तेही मला फार आवडतं. पहिलीत गेली की ‘तुम्ही’ येतं.

मोजण्याचा किस्सा राहिलाच. एक मुलगी वीसपर्यंत न अडखळता म्हणायची. आईला अभिमान होता. पण ‘चार वाट्या आण’ म्हटलं की ती मावतील तेवढ्या आणायची. आकडे हे तिच्यासाठी बडबडगीत होतं, आणि त्यात वावगं काही नाही, सगळ्यांचं तसंच सुरू होतं. मी तिला रोज वाट्या मांडायचं काम दिलं. एका मुलासमोर एक वाटी. कित्येक दिवस ती प्रत्येकासमोर वाटी ठेवून परत टोपलीकडे जायची. एक वाटी, एक फेरी. मग फेरीत दोन-तीन आणू लागली. संक्रांतीच्या आसपास एकदा टोपलीशी उभी राहून सगळ्यांकडे बोट करत पुटपुटली आणि माझ्याकडे आली. ‘बाई, एक वाटी कमी हाय.’ मी मोजल्या. मुलं तेवढ्याच वाट्या होत्या. मी म्हटलं, ‘बरोबर आहेत की गं.’ तर म्हणाली, ‘मावशीला?’ मावशी पाटावर बसून सगळ्यांबरोबर खिचडी खायच्या, आणि या पोरीनं त्यांना मोजलं होतं. मावशींनी तिला उचलून घेतलं, मी वाटी आणायला गेले, आणि आणताना डोळे पुसले.

आता ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय तो मुलगा. आमच्या भागात सीमा जवळ, त्यामुळे कन्नड घरातली मुलं दरवर्षी असतात. हा जूनमध्ये आला तेव्हा त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि माझं कन्नड ‘बा’, ‘नीर’, ‘ऊटा’ आणि ‘ब्याड’ यांच्या पुढे जात नव्हतं. ये, पाणी, जेवण, नको. तेवढ्यावर आम्ही दोघांनी पावसाळा काढला. तो बोलत नव्हता. गाण्याला ओठ हलत नसत, पण हात बरोबर हलायचे. ‘कान कुठे’ म्हटलं की सगळ्यांच्या आधी त्याचा हात कानावर. म्हणजे आत काहीतरी साठत होतं. घरी मराठीतच बोला असं त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, अजिबात नको, तुम्ही घरी कन्नडच बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा. एक भाषा पक्की असेल तर दुसरी तिच्या आधारानं चढते. ती बिचारी इतकी मोकळी झाली की दुसऱ्या दिवशी ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आली.

दिवाळीनंतर वर्गात एस.टी.चा खेळ रंगला. जूनमध्ये मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, एकत्र असूनही एकटी. हळूहळू एकमेकांच्या हातातलं ओढतात, मग देतात, आणि मग एक दिवस सगळ्यांचा मिळून एक खेळ उभा राहतो. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासक बाईंनी १९३२ साली खेळाचे हे टप्पे मांडले. मला ते दरवर्षी त्याच क्रमानं पुन्हा भेटतात. खुर्च्या रांगेत लावल्या. मणीवाला अर्थातच ड्रायव्हर. ओढणीवालीनं ओढणीचा पडदा खिडकीला लावला. कागद फाडून तिकिटं झाली. कंडक्टर कोण, यावर भांडण झालं आणि भांडण चालू असतानाच हा कन्नड मुलगा उठला, पिशवी गळ्यात अडकवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, ‘पुढं सरका, पुढं सरका! मिरज! मिरज! सुट्टे द्या!’

वर्ग थबकला. त्याचा आवाज कसा आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मग सगळी पोरं निमूट पुढं सरकली. त्यानं घंटा वाजवली, ‘टिंग टिंग’, आणि गाडी निघाली. मी दाराशी उभी होते, माझ्यापाशी आला, तिकीट दिलं आणि हात पुढे केला. मी सुट्टे नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मग उतरा.’ मला ‘उतरा’ म्हटलं त्यानं, मोठ्या कंडक्टरसारखं. मी खरंच उतरले. त्यानंतर त्याचं मराठी थांबलंच नाही, आणि कन्नडही तसंच राहिलं. जानेवारीत तो आजीला शाळा दाखवायला घेऊन आला तेव्हा माझं बोलणं तिला कन्नडमध्ये सांगत होता आणि तिचं मला मराठीत.

या कामातलं अवघड काय, तेही सांगायला हवं. घसा बसतो, पावसाळाभर सर्दी सगळ्यांकडून सगळ्यांना फिरते, बालवाडीला अनुदान नाही त्यामुळे पगार तुटपुंजा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. आमची मुलं त्याच्या अलीकडची. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. आता त्या पायावर काम करणाऱ्या बायकांना त्या मानाचं वेतनही मिळालं पाहिजे. हे मी पालकसभेत, संस्थेच्या बैठकीत, सगळीकडे बोलते.

एप्रिलमध्ये आमच्याकडे गुणपत्रक नसतं, नोंदवही असते. प्रत्येक मुलाची वेगळी. वर्षभर जे दिसलं ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहिलेलं. ‘आज उडी मारताना दोन्ही पाय एकदम उचलले.’ ‘आज पहिल्यांदा चिमटीत खडू.’ ‘आज आपला नंबर आधी दुसऱ्याला दिला.’ मणीवाल्याचे वडील, तेच लिहिण्याबद्दल विचारणारे, वही घेऊन कट्ट्यावर बसले आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचत राहिले. मग आत आले आणि मला म्हणाले, ‘बाई, घरी तो माझ्या बुटांच्या नाड्या ओवतो. मला वाटलं खेळतोय.’ त्यांनी वहीची झेरॉक्स काढायला परवानगी मागितली.

वह्या आता मोठ्या गटाच्या बाईंकडे गेल्यात. चिंचा फोडून झाल्या, त्यामुळे मावशींनी घरून नवे चिंचोके धुऊन वाळवून आणलेत. जूनच्या यादीत या वर्षी जुळ्या बहिणी आहेत. दोघींना पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवावं असं मला वाटतंय. मावशी म्हणतात, एकत्रच बसू द्या, पाणी बघितलं की आपोआप लांब होतील. यंदा त्यांचं ऐकायचं ठरवलंय.